चोविसाव्या दिवसाची स्लाइड

६ फेब्रुवारी

मामा,

आधी चष्मा लाव, मग दार लाव, आणि खुर्चीत नीट टेकून बस. तुझा डबा सापडलाय.

कुठला डबा म्हणून साळसूदपणे विचारू नकोस. बिस्किटांचा, चौकोनी, झाकणावर घोडा असलेला. संस्थेत उत्तरेकडच्या खोलीत नवीन टेबलं येणार म्हणून जुनं कपाट रिकामं करायला मला सांगितलं होतं. सगळ्यात वरच्या फळीवर, मोडक्या तराजूच्या मागे हा दडून बसला होता. झाकण गंजून चिकटलेलं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर आत कापसात गुंडाळलेल्या स्लाइड्स, आणि त्यांच्याखाली एक फोटो. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात तुझं ते मुंगीएवढं अक्षर: सातू, आठ दिवस. सातू, सोळा दिवस. सातू, चोवीस दिवस.

पण त्याआधी वास आला, मामा. स्पिरिट आणि व्हिनेगरसारखं ते आंबट औषध. बावीस वर्षं तो वास त्या डब्यात कोंडून राहिला होता आणि माझ्या नाकाशी येऊन म्हणाला, चल, हो सात वर्षांची. झाले! शनिवारची अर्धी सुट्टी, आई अजून कामावर, आणि तू मला त्या डुगडुगणाऱ्या उंच स्टुलावर बसवून म्हणायचास, "हाताची घडी, तोंडावर बोट. हललीस तर कोंड्याच्या पोत्यात भरीन." खिडकीतून थंड, पांढरा उजेड यायचा. तू कोवळा दाणा दोन सुयांनी उघडायचास आणि टचकन पांढरं दूध बाहेर यायचं. "हे दाण्याचं दूध. आतलं बाळ हे पिऊन वाढतं." मी विचारायची, "मग दूध कुठे जातं?" तू म्हणायचास, "संपतं. त्याचा जन्मच त्यासाठी." मला त्या दुधाचं फार वाईट वाटायचं. मी त्याच दुधावर प्रबंध लिहीन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तू मला खरंच पोत्यात भरलं असतंस.

आता मुख्य गोष्ट. आईला समजावली तशी तुला सांगते. चुकलं तर कान पकड.

पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक गुणसूत्र कंबरेला धरून एका बाजूला ओढलं जातं, टोकं मागे फरपटत येतात. नव्या केंद्रकात ती तशीच राहतात: सगळ्या कंबरा एका कडेला, सगळी टोकं समोरच्या कडेला. दोरीवर मधोमध मुडपून वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. सातूच्या मुळात बघ, पानात बघ, दाण्यातल्या बाळात बघ, दोरी ताठ. पण दुधात? तिथली केंद्रकं एका वयानंतर दुभंगायचं सोडून देतात आणि आतल्या आत आपल्या प्रती काढत बसतात. दुप्पट, चौपट, आठपट. आणि दाणा भरत जातो तशी दोरी सैल पडते. चोविसाव्या दिवशी कंबरा इकडे तिकडे, टोकं चारी दिशांना. मी शेकडो केंद्रकं तपासली. कंबरा हिरव्या चमकवल्या, टोकं लाल. शंकेला जागा नाही.

हेच तू बावीस वर्षांपूर्वी म्हणाला होतास! आणि तेव्हाच्या प्रमुख, मोठ्या बाई, भर बैठकीत तुझा फोटो वर धरून म्हणाल्या होत्या, "ही रचना दाण्यानं मोडलेली नाही, तुमच्या अंगठ्यानं मोडली आहे. स्लाइड जास्त दाबली की असंच दिसतं. माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा." तू सुया टेबलावर ठेवल्यास, "मी चोर नाही" म्हणालास आणि बाहेर पडलास. पुढची चौदा वर्षं बियाणांच्या कोठारात पोती मोजलीस. ही गोष्ट ऐकत मी वाढले. इतर घरांत पोरांना राक्षसाची भीती घालतात तशी आमच्या घरात मला मोठ्या बाईंची घातली गेली.

तो फोटो माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर जाणार. खाली तुझं नाव. आई कालपासून पातेली जरा जोरातच आपटतेय, आनंदानं.

तुझी,
कुसळ

१५ फेब्रुवारी

कुसळे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. घरमालकाच्या सुनेला वाटलं कुणीतरी गेलं, तिनं पाणी आणून दिलं. कान गेल्यापासून हे एक बरं झालंय, लोक माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतात आणि हमखास चुकतात.

दोरीचं तू छान सांगितलंस. मला इतकी वर्षं ते कुणाला धड सांगता आलं नाही. मी मनात 'झाडूसारखं' म्हणायचो: मूठ एकीकडे, काड्या एकीकडे. तुझी दोरी जास्त चांगली, कारण झाडू सैल पडत नाही.

आणि तुझी यंत्रं! तू मागे लिहिलं होतंस की ती केंद्रकाचे थरावर थर फोटो काढतात आणि मग सगळे थर जोडून गोल केंद्रक उभं करतात. मी ते वाचून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आमच्याकडे थर म्हणजे सूक्ष्मदर्शकाची बारीक चकती. डाव्या हातानं चकती फिरवायची, उजव्या हातानं कागदावर ठिपके काढायचे. वरचा थर, मधला, खालचा. एका केंद्रकाला अर्धा तास. दुपारपर्यंत डोळे उकडलेल्या कांद्यासारखे व्हायचे.

तरी ते दिवस! तुला काचघरातला माळी आठवतो का? प्रत्येक कणसाला चिठ्ठी बांधताना त्याच्याशी बोलायचा, "चल बाई, आज तुझा आठवा." दाणे नेहमी कणसाच्या मधल्या भागातले घ्यायचे, टोकाचे दाणे दोन दिवसांनी मागे असतात, हे त्यानं मला शिकवलं, कुठल्या पुस्तकानं नाही. संगमरवरी टेबल हिवाळ्यात इतकं गार असायचं की स्पिरिटच्या दिव्यावर स्लाइड उबवायची तशी बोटंही उबवून घ्यायची. तू स्टुलावर डुलत झोपायचीस आणि लोंब्यांची कुसळं तुझ्या स्वेटरमध्ये अडकायची. घरी ताई एकेक उपटत म्हणायची, "पोरगी आणली की पेंढी?" तेव्हापासून तू कुसळ. टोचतेस म्हणून नाही. ते नंतर सुरू झालं.

एक गमतीची गोष्ट सांगू? दाण्याच्या दुधात आईचे दोन वाटे असतात आणि बापाचा एक. बाळात मात्र एकास एक. मी म्हणायचो, म्हणजे हे दूध आजोळचंच झालं. पोरगी वाढवायची, आणि संपून जायचं.

तेव्हा नाव वगैरे राहू दे. फोटोही लावू नकोस. पिवळा पडला असेल, नव्या कोऱ्या प्रबंधाची शोभा जाईल. तुझं काम तुझ्या पायांवर उभं आहे, त्याला माझी काठी कशाला?

ताईला सांग, पातेली जपून.

तुझा मामा

२२ फेब्रुवारी

मामा,

पुरे! तुझी ही विनयाची सवय आता मला सहन होत नाही. विनय हा तुमच्या पिढीला पाजलेला गुंगीचा काढा आहे. वरच्यांनी पाजला आणि खालच्यांनी चांगलं वळण समजून प्यायला. ज्यानं पाहिलं त्यानं गप्प बसायचं, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्या तसबिरी कॉरिडॉरमध्ये. वा रे व्यवस्था!

तू म्हणतोस काठी कशाला. मी म्हणते, हिशेब राहिलाय म्हणून. तुझ्यासारखी किती माणसं त्या खोलीत डोळे उकडून घेऊन गेली? सुया धरणारे, काचा पुसणारे, कणसांना चिठ्ठ्या बांधणारे. छापील पानावर त्यातल्या एकाचंही नाव नाही. मी ते एक नाव छापणार. तू हो म्हण किंवा नको म्हण.

फक्त एवढं कळव: फोटो कुठल्या वर्षीच्या पिकाचा? मागे तारीख आहे, वर्ष पुसलंय.

कुसळ (आता मात्र टोचते म्हणून)

५ मार्च

मामा,

तुझं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना? वर्ष मी जुन्या नोंदवहीतून शोधलं. मला थांबता येत नव्हतं.

काल संस्थेचा पन्नासावा वर्धापनदिन झाला. नव्या पिढीतर्फे मला दहा मिनिटं दिली होती. सभागृह गच्च. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, काठी मांडीवर आडवी, मान अजून तशीच ताठ. मी कागद नेला होता, तो उघडलाच नाही.

मी पडद्यावर आधी माझी केंद्रकं दाखवली. हिरवे ठिपके, लाल ठिपके. लोकांना आवडली. मग तुझा फोटो लावला, भिंतभर! आणि म्हणाले, "ही बावीस वर्षांपूर्वीची स्लाइड आहे. ही ज्यानं केली त्याच्यावर याच इमारतीत खटला चालला. आरोपी होता एक अंगठा. त्याला वकील नव्हता, कारण त्याला पदवी नव्हती. निकाल पाच मिनिटांत लागला आणि शिक्षा चौदा वर्षांची झाली. आज दाणा स्वतः साक्षीला आलाय. दाणा म्हणतोय, अंगठा निर्दोष होता! दाण्याची साक्ष तरी ऐकणार की त्यालाही कोठारात पाठवणार?"

मग मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. मदतनीस, माळी, काचा धुणाऱ्या बायका, सगळे उभे राहिले. आई तोंडाला पदर लावून रडत होती. बाई उठल्या, चहाला न थांबता काठी टेकत बाजूच्या दारानं निघून गेल्या. त्यांना दाराची कडी नीट उघडता येईना. कुणीही मदतीला गेलं नाही. मीही नाही.

आताच्या संचालकांनी फोटो मोठा करून कॉरिडॉरमध्ये लावायचं ठरवलंय. तुझ्या नावाची पितळी पट्टी असेल. महिनाअखेरीला ये. न्यायला मी येते.

तुझी विजयी,
कुसळ

१२ मार्च

बाळ,

ती स्लाइड मी दाबली होती.

हे वाक्य मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. तिथं फोटो पिवळा पडल्याचं निमित्त सांगितलं. तू त्याला विनय म्हणालीस आणि मी गप्प बसलो. बावीस वर्षांपूर्वी एकदा खोटं बोललो होतो, तुझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर न देऊन दुसऱ्यांदा बोललो. वर्ष विचारलं होतंस ना? पेन हातात धरून आठ दिवस बसलो. वर्ष पाठ होतं.

आता सगळं सांगतो.

मी खरंच पाहिलं होतं. अलगद केलेल्या स्लाइड्समध्ये पाहिलं. काच नुसती ठेवायची, काडेपेटीच्या काडीनं एकदाच टकटक करायची, अंगठा लावायचाच नाही. केंद्रक गोल राहतं. चकती फिरवत थर मोजायचे. आठव्या दिवशी कंबरा एका कडेला. सोळाव्याला चुळबुळ. चोविसाव्याला दोरी सुटलेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि वहीत काढलं.

पण फोटोत ते येईना. कॅमेरा एकच थर धरायचा. चार-पाच ठिपके स्पष्ट, बाकी धुकं. आणि त्या इमारतीत कायदा असा होता की फोटोत नाही ते नाहीच. मदतनिसाची पेन्सिलची चित्रं म्हणजे पोरखेळ. मी सहा महिने प्रयत्न केला. मग एका दुपारी टीपकागद दुमडून ठेवला, अंगठा ठेवला, अंगठ्यावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवला आणि उभा राहून सगळं वजन टाकलं. केंद्रक नाण्यासारखं चपटं झालं. जवळजवळ सगळे ठिपके एकाच थरात, विखुरलेले, सुबक. काय सुंदर फोटो आला! मला वाटलं, खऱ्या गोष्टीलाच तर चांगले कपडे घालतोय.

तुला कळतंय ना मी काय केलं? दाबलेल्या केंद्रकात रचना दाण्यानं मोडली की अंगठ्यानं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बाई बरोबर होत्या. फोटोबद्दल अगदी बरोबर होत्या.

आणि एक गोष्ट तुझ्या आईलाही माहीत नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी बाईंनी मला एकट्याला खोलीत बोलावलं होतं. दार लावून घेतलं. विचारलं, "जास्त दाबली गेलीय का?" आवाज चढवला नव्हता. तिथं 'हो' म्हणालो असतो तर गोष्ट दोघांत राहिली असती. मी म्हणालो, "नाही." त्यांनी आणखी एकदा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "नाही." मग दुसऱ्या दिवशी जे झालं ते झालं. 'मी चोर नाही' म्हणत जो माणूस बाहेर पडला तो अपमानानं नाही पडला. त्यांच्यासमोर स्लाइड करायला बसलो असतो तर पकडला गेलो असतो, म्हणून पडला.

घरी आलो आणि ताईला अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तिनं मायेनं पूर्ण केली. पुढे ती इतकी छान झाली की मोडवेना. तू ती ऐकत जेवायचीस. तुझे डोळे असे लाल व्हायचे आणि मला त्यात बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

फ्रेम थांबव. कशी ते मला सुचत नाही. न्याय मागायला तू उभी राहिलीस, त्यात तुझी चूक नाही. पण तुझ्या हातात मी खोटा साक्षीदार दिला.

मामा

२० मार्च

मामा,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं..." आणि तिथंच थांबली. तेव्हापासून घरात पातेल्यांचाही आवाज नाही.

तुला माहीत आहे का, मी नऊ वर्षांची असताना बाई आमच्या शाळेत बक्षीस द्यायला आल्या होत्या. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस माझं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. सगळ्यांदेखत. घरी येऊन सांगितलं तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन नाचला होतास. आठवतं?

तू मला पुष्कळ दिलंस. सुई धरायला शिकवलंस, थांबून बघायला शिकवलंस. आणि त्याबरोबर एक राग दिलास, जो माझा नव्हताच. मी तो बावीस वर्षं घासूनपुसून लखलखीत ठेवला. कालपरवापर्यंत मला वाटायचं, माझ्या बोलण्यातली आग तिथूनच येते. आता सभागृहातली ती कडी आठवते. म्हातारीला उघडता येत नव्हती ती.

माझं काम उभं आहे, ते मला माहीत आहे. माझी केंद्रकं कुणीही दाबलेली नाहीत. पण मी तुझी स्लाइड एकदाही भिंगाखाली ठेवली नाही, मामा. फोटो घेतला आणि धावले. कडेला पिठाचे कण फुटून पसरलेत, काल पाहिलं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल की दाबलीय. तू खोटं बोललास, पण तपासलं नाही ते मी. ज्यांच्यासाठी ओरडले ते सगळे टाळ्या वाजवत उभे होते. त्यांना मी काय सांगू?

उत्तर पाठवू नकोस. काय करायचं ते मला कळतंय. फक्त पाय उचलत नाहीत.

६ एप्रिल

मामा,

तू खरंच उत्तर पाठवलं नाहीस. बरं केलंस. आता ऐक.

सोमवारच्या बैठकीत उठले. सभागृह नव्हतं, पडदा नव्हता, आमची नेहमीची अकरा माणसं आणि गार झालेला चहा. पण मी आधी काचा धुणाऱ्या मावशींना, माळ्याला आणि सगळ्या मदतनिसांना बोलावून आणलं. खुर्च्या कमी पडल्या. म्हणाले, "वर्धापनदिनाला मी एक फोटो दाखवला. तो पुरावा नाही. स्लाइड दाबलेली आहे, आणि मी ती न तपासता तिच्यावर आरोप उभा केला. माझे निष्कर्ष माझ्या केंद्रकांवर उभे आहेत, ते तपासा. मोठ्या बाईंवर केलेला आरोप मी मागे घेते."

एकानं लगेच तोंड घातलं, "म्हणजे तुमच्या मामांनीच..." मी म्हणाले, "मामांचं मामा सांगतील. मी माझं सांगतेय." संचालक म्हणाले, पितळी पट्टी कोरून झालीय, आता काय करायचं? मग त्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोरी, मग आमचं बोललीस तेही मागे घेतलंस का?" मला वाटलं जमीन फाटावी. मी म्हणाले, "ते नाही, मावशी. ते एक अक्षरही नाही." त्या म्हणाल्या, "मग झालं तर," आणि काचा धुवायला गेल्या.

त्यानंतर बाईंच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. त्यांनी दार उघडलं, एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्यात भिंग. "बस म्हणणार नाही. खुर्च्यांवर पुस्तकं आहेत." मी उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकच विचारलं, "त्यानं आपणहून सांगितलं?"

"हो."

"कुणी पकडलं नव्हतं?"

"नाही. मी तर फ्रेम करत होते."

त्यांनी भिंगाची दांडी पुसली. मग म्हणाल्या, "दुपटीच्या केंद्रकात रचना सुटायला लागते, की चौपटीच्या?" मामा, मी आधी समजलेच नाही! त्या माझ्या कामाबद्दल विचारत होत्या. दीड तास त्यांनी मला सोलून काढलं. बियाणं कुठलं, दाणे कणसाच्या कुठल्या भागातले, एकेका वयाची किती केंद्रकं मोजली. एका खुर्चीवरची पुस्तकं मीच उचलून खाली ठेवली आणि बसले.

निघताना माफी मागितली. म्हणाल्या, "तुझी तू मागितलीस, ती घेतली. त्याची तुझ्याकडून घेणार नाही. त्याला हात आहेत."

कडी मीच उघडली.

आई आज म्हणाली, "त्याला विचार, जेवतो ना वेळेवर." तेवढंच म्हणाली. पण म्हणाली.

कुसळ

२४ एप्रिल

कुसळे,

जेवतो म्हणावं ताईला. वेळेवर.

तुझं पत्र वाचून झाल्यावर बाईंना लिहायला बसलो. चार दिवस गेले. पहिल्या दिवशी सहा पानं झाली: तेव्हाची परिस्थिती, मदतनिसाची किंमत, कॅमेऱ्याची मर्यादा. सगळं खरं होतं. सगळं फाडलं. कारण प्रत्येक पान वाचून झाल्यावर दोष कॅमेऱ्याचाच निघायचा. शेवटी तीन ओळी उरल्या.

'चोविसाव्या दिवसाची स्लाइड मी जाणूनबुजून दाबली होती. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा नाही म्हणालो. तुमच्यावर बावीस वर्षं जो ठपका राहिला तो माझा आहे.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. एक प्रत संचालकांना पाठवली. कॉरिडॉरमध्ये रिकामी खुंटी असेल तर तिथं लावा म्हटलंय. पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि पेटीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. माझ्या मागे पत्र टाकायला थांबलेली कुणी एक काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून शिवी असावी.

मला वाटलं होतं उत्तर येणार नाही. फार तर 'मिळालं' एवढा एक शब्द. काल कार्ड आलं. अक्षर थरथरतंय, पण ओळी अजून पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. तुला जसंच्या तसं उतरवून देतो:

'पत्र मिळालं. न दाबलेल्या किती पाहिल्या होत्या? कितव्या दिवसांच्या? प्रत्येकीत काय दिसलं ते वहीतून क्रमानं कळवा, चित्रांसह. घाई नाही, पण मी एक्क्याऐंशीची आहे.'

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला मी कुणाला जागाच ठेवली नव्हती.

वही समोर उघडी आहे. पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय. न दाबलेल्या एकोणचाळीस होत्या, आठव्या दिवसापासून सुरुवात करतो. तुला अजून पुष्कळ लिहायचं आहे, पण तू थांबू शकतेस.

मामा